बट्टा कोणाच्या माथी?

‘नावाला बट्टा लागला’ असे आपण सहज बोलून जातो. हा बट्टा मुळात सराफाच्या पेढीवरचा. नाणे झिजलेले, हलके किंवा हिणकस निघाले की सराफ त्याच्या दर्शनी किमतीतून जी रक्कम कापून घेई, तो बट्टा. ‘सराफ’ आणि ‘सिक्का’ हे दोन्ही शब्द अरबीतले. पण मराठीत असे रुळले की कोणाला परके वाटत नाहीत.

या बट्ट्याविषयीचा एक मोलाचा निवाडा रायगडावर झाला. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडेन मुंबईहून चौलमार्गे गडाकडे निघाला. ६ जूनचा राज्याभिषेक त्याने पाहिला, पण तो आला होता तहासाठी. जंजिऱ्याच्या सिद्दीशी समेट करावा, ही इंग्रजांची विनंती मान्य झाली नाही. दुसरी मागणी नाण्यांची होती. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात, १६७२ च्या सुमारास, मुंबईत टांकसाळ सुरू झाली होती. तिथली नाणी स्वराज्यात चालावीत असे कलम त्यांना हवे होते.

निराजी पंतांमार्फत आलेल्या उत्तराचा आशय असा: आम्ही कोणत्याच नाण्याला मनाई करत नाही; पण ज्यात रयतेचा तोटा आहे ते नाणे तिने घ्यावे, अशी सक्तीही करू शकत नाही. तुमचे नाणे मुघलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके कसदार व वजनदार असेल, तर आमची हरकत नाही.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की बट्टा कोणी सोसायचा, हा प्रश्न इथे आधी विचारला गेला. खराब नाणे पाडणारा नामानिराळा राहतो आणि तोटा शेवटी मीठ, मासळी, भात विकणाऱ्याच्या पदरात पडतो.

इंग्रजांनाही हे हळूहळू उमगले. १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबईच्या टांकसाळीला सनद दिली, तरी राजाची सनद म्हणजे बाजाराचा विश्वास नव्हे. १७१७ मध्ये फर्रुखसियरकडून परवानगी मिळाल्यावर मुंबईचा रुपया फारसी अक्षरांत, मुघल बादशहाच्या नावाने पडू लागला. लोक ज्याला ओळखत होते, तो शिक्का घ्यावा लागला.

आता शिवराईकडे पाहा. तांब्याचे हे नाणे हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेले. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ किंवा दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ क्वचितच पूर्ण उमटते. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. पुढेही दीर्घकाळ अनेक ठिकाणी ती पडत राहिली, म्हणून वजनही सारखे नाही. आजच्या नजरेला हे दोषच दोष. पण घेणारा तांबे पाहत होता, अक्षरांची मांडणी नव्हे.

संग्राहकांसाठी पाडलेल्या आजच्या नाण्यांत हिशेब उलटा झाला आहे. वजन आणि कस कायद्याने ठरलेले, फरकाची मर्यादाही ठरलेली. पैसे मोजायचे ते देखणेपणाचे. मी मागवलेल्या अशा एका नव्या कोऱ्या नाण्यावर सीलबंद डबीतच डाग होता. विक्रेत्याचे उत्तर आले: सील उघडले, आता परत घेता येणार नाही. सील न उघडता डाग दाखवायचा कसा, हे त्याने सांगितले नाही. बट्टा माझ्या माथी. गंमत म्हणजे चूक पुरेशी मोठी असती, ठसा घसरलेला असता, तर तेच नाणे हौशी लोकांनी चढ्या भावाने घेतले असते.

हौसेचा तोटा मी सोसू शकतो. पण दहा रुपयांच्या नाण्याचे काय? अनेक नमुने चलनात आल्याने ‘हे खोटे’ अशी अफवा उठली. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की चौदाही नमुने खरे आहेत. तरी मुरूडच्या बाजारात दहाचे नाणे नाकारणारी माणसे मी पाहिली आहेत. नाणे अस्सल, कायदा पाठीशी, आणि दिवसभराच्या विक्रीतली अशी वीस नाणी घेऊन बसलेली मासळीवाली मात्र अडलेली.

टांकसाळीने नाणे चोख पाडले म्हणजे काम संपत नाही. ते शेवटच्या हातापर्यंत खरे ठरावे लागते. रायगडावरच्या उत्तराचा रोख त्याच शेवटच्या हाताकडे होता.