काळ्या पेशींचे ७२ तास

७२ तास आधी. साल १९७६, अमेरिकेतलं मेरीलँड राज्य. रसायनशास्त्र शिकणारा २३ वर्षांचा तरुण पेथिडिनच्या जातीचं मादक द्रव्य स्वतःच बनवतो आहे. या खेपेला घाईत काही पायऱ्या गाळल्यामुळे त्यात एमपीटीपी नावाचा भलताच पदार्थ उतरला आहे. तो सुई टोचून घेतो.

पहिली काही मिनिटं. शरीराच्या आत काय घडलं असणार, ते पुढच्या प्राणीप्रयोगांनी दाखवलं. एमपीटीपी रक्तातून सहज मेंदूत शिरतो. अजून तो निरुपद्रवी आहे. मज्जापेशींच्या मदतनीस पेशींमधलं एमएओ-बी हे विकर त्याचं विष करतं: एमपीपी-प्लस. सगळं वाचवता येण्याजोगी वेळ हीच. १९८४ साली माकडांना हे विकर रोखणारं औषध आधीच दिलं, तेव्हा एमपीटीपी टोचूनही ती धडधाकट राहिली.

७१ तास आधी. मेंदूच्या तळाशी सब्स्टॅन्शिया नायग्रा हा काळसर भाग असतो. तिथल्या पेशी सोडलेलं डोपामाइन हे संदेशद्रव्य पुन्हा आत ओढून घेतात. विष त्याच दाराने घुसतं आणि मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे शाळेत शिकलेल्या तंतुकणिकांमध्ये, साचत जातं. त्यांच्या आतला ऋणभार या धनभारित रेणूला खेचून घेतो. तिथे ते कॉम्प्लेक्स वन हा ऊर्जासाखळीचा पहिला दुवा अडवतं. एटीपी हे पेशीचं इंधन घटतं, वाटेत गळलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला दाहक बनवतात. या पेशींचा खर्चही अफाट: एकेकीच्या फांद्यांवर लाखो जोडण्या, आणि विसावा कधीच नाही.

४८ तास आधी. कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप मंदावले आहेत. काही तंतुकणिका फुटून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर सांडतं. ते सांडलं की पेशीचा मरण्याचा निर्णय बहुधा पक्का होतो.

शून्य. तिसऱ्या दिवशी तरुण ताठरलेला, मुका. डॉक्टरांना वाटलं कॅटॅटोनिक स्किझोफ्रेनिया. विजेचे झटकेही देऊन झाले. उपयोग शून्य. एल-डोपा हे पार्किन्सनवरचं औषध दिल्यावर मात्र तो हलू लागला.

त्यानंतर. १९८२ साली कॅलिफोर्नियात असेच तरुण गोठले, आणि डॉ. विल्यम लँग्स्टन यांनी धागा एमपीटीपीपर्यंत नेला. १९८५ साली कॉम्प्लेक्स वनचा अडथळा सिद्ध झाला. १९८९ साली साध्या पार्किन्सनच्या रुग्णांच्या त्याच काळ्या भागात तोच दुवा कमजोर आढळला.

स्मृतिभ्रंशात हेच घड्याळ अतिशय संथ चालतं, असं मला या पुराव्यांवरून वाटतं. पार्किन्सनच्या पुष्कळ रुग्णांना पुढे स्मृतिभ्रंश गाठतो. अल्झायमरमध्ये साखळीतला दुसराच दुवा, कॉम्प्लेक्स फोर, मंद आढळतो, आणि मेंदूचा ग्लुकोजचा वापर विसराळूपणा दिसण्याच्या आधीपासून उतरू लागतो. तंतुकणिकांचं नुकसान मूळ की मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचा परिणाम, हा वाद मिटलेला नाही. पण ऊर्जा आटल्यावर मज्जापेशी तग धरत नाही, याबद्दल वाद उरलेला नाही.

२०११ साली तंतुकणिकांना बळ देण्यासाठी पार्किन्सनच्या रुग्णांना को-एन्झाइम क्यू-टेन देणारी मोठी चाचणी निष्फळ ठरून थांबवली गेली. अनेकांनी त्यावरून ही वाटच बंद मानली. मला ते पटत नाही. त्या रुग्णांमध्ये लक्षणं आधीच दिसत होती, म्हणजे काळ्या पेशींपैकी मोठा वाटा संपलेला होता. माकडांना औषध विषाच्या आधी मिळालं होतं. माणसांत तसा मुहूर्त साधायचा, तर तंतुकणिकांची पडझड लक्षणांपूर्वी, साध्या रक्तचाचणीत पकडणं हे पहिलं काम आहे.