गासडी फोडली म्हणून चोर

१४७३ साल. इंग्लंडच्या गादीवर चौथा एडवर्ड. एका परदेशी व्यापाऱ्याने आपल्या मालाच्या गासड्या साऊथॅम्प्टनला पोचवण्यासाठी एका वाहतूकदाराच्या हवाली केल्या. त्याने त्या भलतीकडेच नेल्या, फोडल्या आणि आतील माल लंपास केला. ही चोरीच, असे आज कोणीही म्हणेल. त्या काळच्या न्यायाधीशांना मात्र गंभीर शंका होती.

इंग्लंडच्या कॉमन लॉनुसार चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीवाचून काढून नेणे. येथे तर मालकाने स्वतःच ताबा सोपवला होता. जे आधीच आपल्या ताब्यात आहे, ते माणूस चोरणार कसे? न्यायाधीश ब्रायन यांचा आक्षेप नेमका हाच होता. विश्वासघात झाला खरा. पण तो दिवाणी दाव्याचा विषय, फाशीचा नव्हे. उलट चॅन्सलरांचे म्हणणे असे, की व्यापारी राजाच्या अभयपत्रावर आलेला परदेशी आहे. त्याला निसर्गन्यायाने दाद मिळाली पाहिजे.

अखेर बहुमताने एक विलक्षण तोडगा निघाला. गासडीचा ताबा वाहतूकदाराचा, पण आतील मालाचा ताबा मालकाचाच. म्हणजे गासडी फोडून माल उचलला की चोरी. त्याने बांधलेली गासडी तशीच विकून टाकली असती, तर तो चोर ठरला नसता!

ही तर्काची कसरत कशासाठी? जेरोम हॉल यांनी १९३५ साली असे प्रतिपादन केले, की वाढत्या व्यापाराला संरक्षण देण्याच्या गरजेने कायद्याला येथे वाकवले. ते पटण्याजोगे आहे.

पुढची तीन शतके न्यायालये ‘ताबा’ या एकाच शब्दाशी झुंजत राहिली. १७७९ साली पिअर नावाच्या माणसाने भाड्याने घेतलेला घोडा त्याच दिवशी विकला. मुळातच फसवण्याचा हेतू होता, म्हणून ताबा मालकाचाच राहिला, असे मानून ती चोरी ठरली. १७९९ साली मात्र बेझ्ली हा बँकेचा रोखपाल सुटला. ग्राहकाने भरलेली १०० पौंडांची नोट त्याने परस्पर खिशात घातली होती. ती बँकेच्या ताब्यात आलीच नव्हती, मग बँकेकडून चोरली कशी म्हणावी? संसदेने त्याच वर्षी अपहाराचा स्वतंत्र कायदा केला.

या काथ्याकुटाला हसणे सोपे आहे. पण १२ पेन्सांहून अधिक किमतीची चोरी हा तत्त्वतः देहदंडाचा गुन्हा होता. ज्यूरी कित्येकदा चोरलेल्या मालाची किंमत मुद्दाम कमी लावून आरोपीचा जीव वाचवत असे.

१९६८ च्या चोरी कायद्याने ताब्याचा हा गुंता बाजूला सारला आणि ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द केंद्रस्थानी आणला. गंमत अशी, की भारतीय दंडसंहितेने १८६० सालीच या शब्दाची व्याख्या केली होती: कोणाला गैरमार्गाने लाभ किंवा हानी पोचवण्याचा हेतू. इंग्लंडच्या कायद्याने मात्र कोणते वर्तन अप्रामाणिक नव्हे एवढेच सांगितले. उरलेले काम ज्यूरीवर आले.

१९८२ साली घोष नावाच्या शल्यचिकित्सकाचे अपील आले. न केलेल्या शस्त्रक्रियांचे शुल्क त्यांनी मागितल्याचा आरोप होता. लॉर्ड लेन यांनी ज्यूरीसाठी दोन प्रश्न ठरवले. सामान्य सभ्य माणसांच्या दृष्टीने हे अप्रामाणिक आहे का? असल्यास, त्यांना ते तसे वाटेल हे आरोपीला कळत होते का? दुसऱ्या प्रश्नासाठी उदाहरण दिले बसप्रवास फुकट असलेल्या देशातून आलेल्या, तिकीट न काढणाऱ्या पाहुण्याचे.

घोष यांचे अपील फेटाळले गेले, पण कसोटी ३५ वर्षे टिकली. तिचा दोष उघड होता: ज्याची सचोटीची कल्पनाच भ्रष्ट, त्यालाच सुटायला अधिक वाव.

तो दोष उघडा पडला जुगाराच्या टेबलावर. फिल आयव्ही या खेळाडूने २०१२ साली लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. पत्त्यांच्या पाठीवरील नक्षीतला सूक्ष्म फरक त्याने हेरला होता आणि अंधश्रद्धेचा बहाणा करून पत्ते हवे तसे फिरवून घेतले होते. आपण लबाडी केली, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत नव्हते. क्लबने पैसे नाकारले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड ह्यूज यांनी बसचे उदाहरणही निकालात काढले: त्या पाहुण्याला काय ठाऊक होते हे आधी पाहिले, की दुसऱ्या प्रश्नाची गरजच उरत नाही. आरोपीची समज तपासायची. पण मोजपट्टी समाजाची.

खटला दिवाणी असल्याने हे मत फौजदारी न्यायालयांवर बंधनकारक आहे का, हा वाद उरला. २०२० साली वृद्धाश्रम चालवणाऱ्या बार्टनच्या अपिलात तो मिटला. घोष खटल्यातील दुसरा प्रश्न आता इंग्लंडच्या ज्यूरीला विचारला जात नाही.