कचेरीतील वस्त्रे : पगडीपासून टायपर्यंत

कचेरीत छाप पडावी म्हणून गळ्यात कोणता टाय बांधावा, हा प्रश्न इतिहासाच्या व्याख्यानात आणणे काहींना हलकेपणाचे वाटेल. परंतु अधिकार आणि वस्त्र यांचे नाते आपल्या भाषेतच रुतून बसलेले आहे. बाळाजी विश्वनाथास 1713 मध्ये शाहू महाराजांनी पेशवा नेमले, ही गोष्ट आपण 'पेशवाईची वस्त्रे मिळाली' अशा शब्दांत सांगतो. अधिकार म्हणजे जणू वस्त्रच. आणि ते वरून मिळावयाचे, स्वतः निवडावयाचे नव्हे.

डोक्यावरच्या वस्त्राचेही तसेच. पगडीची बांधणी, पागोट्याचे पीळ, रुमालाची घडी यांवरून माणसाचा प्रांत, पेशा आणि पुष्कळदा जातही ओळखता येई. कारकुनाने तोंड उघडण्यापूर्वीच समोरच्या कुणब्याला कळे की आपण कोठे उभे राहावयाचे आणि किती वाकावयाचे. छाप पडे ती अशी. तीत कारकुनाच्या कर्तबगारीचा भाग थोडा असे.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि कचेरीचा धनी बदलला. नव्या राज्याची पहिली मोठी परीक्षा आपल्या इंदापुरात झाली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी करून निव्वळ उत्पन्नावर धारा बसविला. तत्त्व कागदावर नीटनेटके होते. पण हिशेब चुकले, हाताखालच्या लोकांनी लाच खाऊन नोंदी फिरविल्या, धारा पेलवेना. इंदापूर तालुक्यातील शेते ओस पडू लागली आणि पुष्कळ रयत निजामाच्या मुलखात निघून गेली. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी याच तालुक्यात काम नव्याने आरंभिले. मातीची खोली व जात पाहून प्रतबंदी केली, धारा उतरविला आणि तो तीस वर्षे कायम ठेवला. ओस शेते पुन्हा नांगराखाली आली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचा पाया तो हाच. दोन्ही वेळी साहेबाचा पोशाख एकच होता. फरक पडला तो मातीत हात घालून लिहिलेल्या नोंदींनी.

तीस वर्षे सरली. दरम्यान अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस महागला होता. त्या तेजीच्या दिवसांकडे पाहून 1867 मध्ये इंदापुरात धारा पुष्कळ वाढविण्यात आला. पुढे भाव कोसळले आणि कुळे सावकाराच्या वहीत अडकली. 12 मे 1875 रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. ते त्यांनी हिसकावले आणि जाळले. जुलूम कागदात बसला आहे, पगडीत नव्हे, हे त्या अडाणी म्हटलेल्या रयतेला नेमके उमगले होते. याच 1875 साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हा योगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कचेरीत वस्त्राचा तंटा मात्र चालूच होता. देशी माणसाने साहेबापुढे जोडे काढून यावे, असा दंडक असे. 1862 मध्ये सुरतेच्या फौजदारी अदालतीतील असेसर मानकजी कावसजी एंटी यांनी जोडे काढण्यास साफ नकार दिला. प्रश्न चामड्याचा नव्हता, बरोबरीचा होता.

आता टायकडे वळू. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आलेल्या क्रोएशियन शिपायांच्या गळपट्ट्यापासून त्याचा वंश सांगतात. 'क्रॅव्हट' हा शब्द त्या लोकांच्या नावावरूनच निघाला. पुढे इंग्लंडात पलटणी, शाळा आणि क्लब यांनी आपापल्या रंगांचे पट्टे ठरविले. म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा टाय ही त्यांची पगडीच झाली! आपल्याकडे विनोदाने त्याला 'कंठलंगोट' म्हणत. पण हसणाऱ्यांची मुलेही पुढे आरशापुढे उभी राहून गाठ बांधू लागली.

1888 हे साल या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि आपण कोणाच्या वतीने आलो आहो, हे वस्त्रानेच सांगते झाले. त्याच वर्षी मोहनदास गांधी विलायतेस गेले. तेथे टाय बांधण्यात रोज आरशापुढे किती वेळ जाई, हे त्यांनी पुढे आत्मकथेत नमूद केले आहे. 1921 मध्ये मदुरेस त्यांनी अंगावरचे वस्त्र पंचापुरते उरविले.

तिसरे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. अमेरिकेत व इंग्लंडात शिकून ते 1917 मध्ये बडोद्यास अकाउंटंट जनरलच्या कचेरीत रुजू झाले. तेथील शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून फेकीत, असे चरित्रकारांनी नोंदले आहे. कोट आणि टाय यांनी शिपायाच्या मनातील विटाळ गेला नाही. तरीही बाबासाहेबांनी तो पोशाख सोडला नाही. माझ्या मते त्याचे कारण उघड आहे : पगडी जात सांगे, साधा टाय ती सांगत नाही. वरून न मिळालेले, स्वतः निवडलेले असे ते वस्त्र होते. फुल्यांनी शेतकऱ्याचा वेष धरला, बाबासाहेबांनी सूट धरला. दोघांनीही आपला पोशाख ठरविण्याचा दुसऱ्याचा हक्क नाकारला.

आज बारामती-इंदापूरचा तरुण साखर कारखान्यात, बँकेत, औद्योगिक वसाहतीतील कंपनीत मुलाखतीस जातो आणि टाय कोणता बांधू असे विचारतो. त्याला खुशाल सांगावे : एकरंगी, गडद टाय घे; टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावे; गाठ आटोपशीर असावी; उन्हाळा असह्य झाला तर स्वच्छ सदरा पुरे. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी. ज्याच्यावर छाप पाडावयाची तो केवळ वरच्या खुर्चीतला साहेब नव्हे. सातबारा हातात घेऊन मेजापलीकडे उभा असलेला म्हाताराही त्यात आहे. टाय पाहून तो एक पाऊल मागे सरकला, तर जुनी पगडीच परत आली असे समजावे. त्याला बसावयास खुर्ची मिळाली आणि त्याची नोंद बिनचूक झाली, तर कोणत्याही रंगाचा टाय शोभेल. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमालाचा रंग कोणी विचारीत नाही, आत काय लिहिले आहे तेवढेच पाहतात.