वय किती, की बळ किती?

जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरी भागात सत्तरी ओलांडूनही चढ चढून शेतावर जाणारी माणसे आपण पाहतो. त्याच गावात, त्याच वयाच्या एखाद्या आजींना ओटीवरून उठायलाही आधार लागतो. वय सारखे, पण बळ निराळे. आजारपणात यांपैकी कोण तरेल, हे कशावरून ओळखायचे?

साथी नेहमी म्हाताऱ्यांनाच गाठतात असे नाही. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत शिरला आणि ऑक्टोबरात त्याने मुंबई इलाख्यात कळस गाठला. आपला हा मुलूखही त्याच इलाख्यातला. इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांचे प्रमाण विलक्षण होते. असे का झाले, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

२०२० च्या करोना साथीत चित्र उलटे झाले. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि पुढे साथ खेड्यापाड्यांत पोचली. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, अवसरी खुर्दच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आवार, लेण्याद्री अशा ठिकाणी रुग्णांची सोय करावी लागली. या वेळी मृत्यूचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढत होता. मग वय हेच उत्तर मानावे काय?

वार्धक्याचे अभ्यासक याआधीच वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवत होते. आपण 'आजोबा आता थकले' म्हणतो, तीच ही गोष्ट. तिला आपण क्षीणता म्हणू. शरीराजवळ काही राखीव ताकद असते. ती आटली की एरवी सोसवणारा तापही माणसाला अंथरुणाला खिळवतो. अंथरुणात स्नायू आणखी झिजतात, खोकून कफ काढण्याचेही बळ उरत नाही.

२००१ मध्ये अमेरिकेत लिंडा फ्राइड यांनी क्षीणतेच्या पाच खुणा सांगितल्या : आपोआप वजन घटणे, सततचा थकवा, पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन दिसल्या तर माणूस क्षीण समजावा. २००५ मध्ये कॅनडात केनेथ रॉकवूड यांनी सात पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पुढे तिच्या नऊ पायऱ्या झाल्या. तिला यंत्र लागत नाही. आजारापूर्वी दोन आठवडे हा माणूस बाजारहाट करत होता का, अंघोळीला मदत लागत होती का, एवढे विचारायचे.

ही मोजपट्टी करोनाच्या कसोटीला लागली. २०२० च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ब्रिटनमधील १० आणि इटलीतील एका रुग्णालयातील १,५६४ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४२५ दगावले. वय आणि जुने आजार हिशेबात घेऊनही, अतिक्षीण रुग्णांना मृत्यूचा धोका धडधाकट रुग्णांच्या २.४ पट आढळला. कोण जगेल याचा अंदाज वयापेक्षा क्षीणतेवरून अधिक चांगला येतो, असा निष्कर्ष निघाला.

पण अंदाज म्हणजे निवाडा नव्हे. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने अतिदक्षता विभागासाठी ही मोजपट्टी वापरण्यास सांगितले. अपंग व्यक्तींच्या बाजूने लगेच आक्षेप आले. चाकाच्या खुर्चीतील तरुणाला अंघोळीला मदत लागते, म्हणून तो क्षीण ठरतो काय? काही दिवसांतच सूचना सुधारल्या गेल्या : ६५ च्या आतील माणसांना आणि कायमचे अपंगत्व असलेल्यांना ही पट्टी लावू नये.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. अनेक ठिकाणी शिक्षकही घरोघर फिरले. भर होता ताप, ऑक्सिजन आणि जुने आजार यांवर. मार्च २०२१ पासून ज्येष्ठांना लस मिळू लागली, तीही वयाच्या हिशेबाने. वय मोजायला सोपे, म्हणून हे रास्तच होते. पण केंद्रापर्यंत चालत येऊ न शकणारे, म्हणजे सर्वांत क्षीण, मागे राहिले. मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस देणे बऱ्याच उशिरा सुरू झाले.

मोजपट्टीतल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा डॉक्टरांजवळ नसते, घरच्यांजवळ असते. आजी गेल्या पंधरवड्यात पाणी भरत होती की नाही, हे नातवाला ठाऊक असते. रुग्णालयात वयाबरोबर तेही सांगावे. आणि ज्या घरात चाल मंदावलेली दिसेल, तिथे साथीची वाट न पाहता आहार, व्यायाम आणि तपासणीकडे लक्ष द्यावे. आटलेले बळ काही अंशी परत मिळवता येते. वय मात्र कोणालाच कमी करता येत नाही.