ओळखीच्या नादाची कुळकथा

कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांस नावीन्याचे मोठे आकर्षण असते. कोणी कोणती वाट प्रथम पाडली, कोणी कोणता संकेत मोडला, याची नोंद ते आवर्जून करतात. परंतु त्या वाटेवरून पुढली पंचवीस वर्षे कोण चालत राहिले आणि कशासाठी, याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक पाहता वाट पाडणाऱ्याने फार तर पायवाट पाडलेली असते. तिचा रस्ता होतो तो मागून येणाऱ्यांच्या पावलांनी.

हा विचार आमच्या मनात येण्यास निमित्त झाले ते एका अमेरिकन वाद्यवृंदाचे. 'किलस्विच एंगेज' या नावाच्या वृंदाचा 'धिस कॉन्सिक्वेन्स' हा नववा आल्बम २१ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. ज्या संगीतप्रकारास 'मेटलकोर' म्हणतात, त्याचे हे मान्यवर प्रतिनिधी. त्यांच्या आधीच्या आल्बमला साडेपाच वर्षे होऊन गेली होती. असे असता नव्या आल्बममधील दहा गीते ऐकताच जाणत्या श्रोत्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'ओळखीचे' हाच. तोच जड नाद, तीच आरोळी, आरोळीच्या मागून येणारे तेच सुरेल ध्रुपद! 'ओळखीचे' हा शब्द स्तुतीसाठीही वापरता येतो आणि दूषणासाठीही. त्यांपैकी येथे कोणता अर्थ घ्यावयाचा हे ठरविण्यापूर्वी या ओळखीचे कूळ शोधणे आम्हास अगत्याचे वाटते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवर हा नाद आपल्या मुलांच्या खोलीच्या बंद दारातून पडला असेल. बदलीच्या गावी, सरकारी निवासस्थानाच्या पातळ भिंतींतून आलेल्या त्या आवाजास आपण सर्वांनी 'गोंगाट' असे एकच नाव दिलेले आहे. तेव्हा या गोंगाटाची घडण कशी असते ते आधी सांगितले पाहिजे. गिटारच्या तारा नेहमीच्या सुराहून खाली उतरविलेल्या असतात, आणि त्यांतही सर्वांत जाड तार आणखी एक पायरी खाली. तार छेडणाऱ्या हाताचा तळवा तारांच्या मुळाशी टेकवून नाद अर्धवट दाबला जातो. त्यामुळे सूर लांबत नाही, हातोड्याच्या घावासारखा तुटक उमटतो. ढोलवादक दोन्ही पायांनी मोठा ढोल इतक्या त्वरेने वाजवितो की प्रत्येक घाव निराळा ऐकू येईनासा होतो. गाणे असे भरात आले असता मध्येच लय एकदम निम्म्यावर येते आणि सारी वाद्ये मिळून एकच जड आघात पुनःपुन्हा करू लागतात. यास 'ब्रेकडाउन' म्हणतात. आपल्याकडे ठाय लयीतून द्रुताकडे चढत जाण्याचा प्रघात आहे. येथे उत्कर्षबिंदू गाठावयाचा तो लय उतरवून. हा उलटा न्याय ज्यास उमगला, त्यास या संगीताचे अर्धे मर्म उमगले.

या नादातील जडपणाची जन्मकथा इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात घडली, आणि ती एका अपघाताची कथा आहे. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा तरुण पत्रे कापण्याच्या कारखान्यात कामास होता. संगीताच्या मागे लागण्यासाठी त्याने नोकरी सोडावयाचे ठरविले होते, आणि १९६५ मधील तो दिवस त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्यामुळे नेमकी हीच बोटे तारांवर दाबावयाची होती. निराश झालेल्या त्या मुलास कारखान्यातील वरिष्ठाने जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. आगीत भाजल्यामुळे राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या बोटांनिशी तो युरोपभर गाजला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटविले आणि गिटारला हलक्या तारा चढविल्या. पुढे बोटांवर ताण कमी यावा म्हणूनही त्याने तारा उतरविण्यास आरंभ केला. ज्याच्या वृंदाने, 'ब्लॅक सॅबथ'ने, फेब्रुवारी १९७० मध्ये आपली पहिली तबकडी काढली, तो हाच आयोमी. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या तबकडीत अनेक गाण्यांच्या तारा तीन अर्धस्वर खाली आल्या. तारा सैल झाल्या, नाद जड झाला, आणि एका मजुराच्या दुखऱ्या बोटांची सोय ही एका संगीतप्रकाराची शैली होऊन बसली. कलेत व्यंगाचे वैशिष्ट्य कसे होते याचे याहून बोलके उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

हेवी मेटल म्हणून वाढलेल्या या संगीतात पुढे कौशल्याचे प्रस्थ माजले. गिटारवादकाचा हात किती चपळ, रंगमंच किती भव्य, यांवर मोठेपणा ठरू लागला. त्याच सुमारास, १९८० च्या आगेमागे, अमेरिकेत वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस इत्यादी शहरांतील पोरसवदा तरुणांनी अगदी विरुद्ध वृत्तीचे 'हार्डकोर' हे संगीत उभे केले. 'बॅड ब्रेन्स', 'ब्लॅक फ्लॅग', 'मायनर थ्रेट' ही त्यातील ठळक नावे. त्यांची गाणी एकदोन मिनिटांत आटोपत. रंगमंच आणि श्रोते यांत अंतर नसे, आणि तबकड्या काढणाऱ्या संस्थाही त्यांनी स्वतःच स्थापन केल्या. 'मायनर थ्रेट'च्या १९८१ मधील एका गीतावरून तर मद्य आणि मादक द्रव्ये वर्ज्य मानणाऱ्या तरुणांचा एक पंथच निर्माण झाला. मद्यपानाचे वय न झालेल्या मुलांस सभागृहात प्रवेश देताना हातावर फुलीची खूण करीत. तीच खूण त्या पंथाने अभिमानाने मिरविली. गोंगाट आणि व्यसन यांचे नाते अतूट आहे असे समजणाऱ्या पालकांनी इतिहासाचा हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मेटलवाले हार्डकोरवाल्यांस अडाणी म्हणत, आणि हार्डकोरवाले मेटलवाल्यांस दिखाऊ. तरीही १९९० नंतरच्या दशकात दोहोंचे सोयरपण जुळले. क्लीव्हलँडचे 'इंटेग्रिटी', सिरॅक्यूजचे 'अर्थ क्रायसिस' इत्यादींनी हार्डकोरच्या आवेशास मेटलच्या जड गिटारची जोड दिली, आणि ब्रेकडाउनला मानाचे स्थान मिळाले. उणीव होती ती माधुर्याची. ती भरून निघाली अटलांटिकच्या पलीकडून. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात 'अ‍ॅट द गेट्स' आणि 'इन फ्लेम्स' या वृंदांनी अत्यंत कर्कश गायनाच्या खाली दोन गिटारींची सुरेल जोडधून वाहती ठेवण्याची युक्ती सिद्ध केली होती. 'अ‍ॅट द गेट्स'ची १९९५ मधील 'स्लॉटर ऑफ द सोल' ही ध्वनिमुद्रिका अमेरिकन तरुणांनी जणू गुरुग्रंथासारखी अभ्यासली.

हे सारे प्रवाह ज्या ठिकाणी एकत्र आले, ते म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागातील वेस्टफील्ड हे लहानसे शहर. घोडागाडीच्या काळात चाबूक तयार करण्यासाठी ते एवढे प्रसिद्ध होते की 'चाबकांचे शहर' हेच त्याचे टोपणनाव पडले. मोटारी आल्या आणि तो धंदा बसला. शेजारच्या स्प्रिंगफील्ड येथील जुना सरकारी शस्त्रकारखानाही १९६८ मध्ये बंद झाला. अशा मुलखात १९९९ मध्ये 'ओव्हरकास्ट' आणि 'आफ्टरशॉक' हे दोन वृंद मोडून त्यांतील मंडळींनी 'किलस्विच एंगेज'ची स्थापना केली. माइक डी'अँटोनिओ 'ओव्हरकास्ट'मधून आला; अ‍ॅडम डुट्कीविच आणि जोएल स्ट्रोएट्झेल 'आफ्टरशॉक'मधून; गायक म्हणून जेसी लीच मिळाला. 'ओव्हरकास्ट'चा गायक 'शॅडोज फॉल' या त्याच भागातील वृंदात गेला, आणि 'शॅडोज फॉल'च्या आधीच्या गायकाने पुढे 'ऑल दॅट रिमेन्स' उभा केला. आपल्याकडे ज्यास घराणे म्हणतात, त्याची घडण याहून फारशी वेगळी नसते. एका पंचक्रोशीतील थोडी माणसे परस्परांकडून शिकतात, फुटतात, पुन्हा जुळतात, आणि त्यांच्या गळ्यात व हातात एक समान ढब उतरते.

त्या ढबीची खरी ओळख जगास झाली २००२ मधील 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' या आल्बमने. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेल्या डुट्कीविचने त्यात गिटार आणि ढोल तर वाजविलेच, शिवाय ध्वनिमुद्रणाची सूत्रेही सांभाळली. कडव्यात आरोळी आणि ध्रुपदात मोकळा, सुरेल गळा, हा साचा या आल्बममुळे रूढ झाला. परंतु यशाच्या त्याच वर्षी नैराश्य आणि गळ्याचा त्रास यांनी गांजलेला लीच वृंद सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या हॉवर्ड जोन्सच्या भारदस्त आवाजाने २००४ मधील 'द एंड ऑफ हार्टएक' गाजविला; त्यातील शीर्षकगीतास ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले. २०१२ मध्ये जोन्स बाहेर पडला आणि लीच परतला. अशा प्रसंगी जुन्या-नव्याचे हेवेदावे ठरलेलेच असतात. येथे मात्र २०१९ मधील 'अटोनमेंट' या आल्बममधील एका गीतात दोन्ही गायक एकत्र गायले. गादीवरून उतरलेला आणि गादीवर बसलेला एकाच बैठकीत गात आहेत, असे दृश्य आपल्या घराण्यांतूनही किती वेळा दिसले असेल?

आता 'धिस कॉन्सिक्वेन्स'कडे पुन्हा वळू. 'अबँडन अस' या आरंभीच्या गीतापासून 'रेक्विअम' या शेवटच्या गीतापर्यंत एकही वळण असे नाही की ज्यामुळे जुना श्रोता बावरून जावा. 'फॉरएव्हर अलाइन्ड' आणि 'आय बिलीव्ह' यांतील ध्रुपदे वीस वर्षांपूर्वीच्या ध्रुपदांची सख्खी भावंडे वाटतात. 'ब्रोकन ग्लास'मध्ये नाद अधिक खाली, अधिक कडवट होतो. 'द फॉल ऑफ अस'मध्ये ढोलाची गती अंगावर येते. परंतु हे फरक घरातल्या घरात सामान हलविण्यासारखे आहेत, घर तेच आहे. हे दूषण मानणाऱ्यांची बाजू आम्ही हलकी लेखीत नाही. २००० नंतरच्या दशकात या साच्याच्या इतक्या नकला निघाल्या की आरोळी कोठे थांबणार आणि सुरेल ध्रुपद कोठे सुरू होणार हे श्रोता आधीच सांगू लागला. जे एकदा सापडलेले असते, ते पुनःपुन्हा सापडल्याचा आव आणता येत नाही. साचा घडविणाऱ्यानेच आपल्या साच्यात अडकून पडावे, ही कलावंताची शोकांतिका म्हटली पाहिजे.

तथापि सवय आणि निष्ठा ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्यांतील भेद ओळखण्याची एकच कसोटी आम्हास दिसते. ती अशी, की करणाऱ्यास त्या कृतीची काही किंमत मोजावी लागते की नाही. सवयीस काही मोजावे लागत नाही. निष्ठेस प्रत्येक वेळी मोजावे लागते. ज्या गळ्याच्या त्रासाने लीचला २००२ मध्ये घरी बसविले, त्याच गळ्यावर २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि तोच गळा या आल्बममध्ये पुन्हा आरोळी देतो. नाद ओळखीचा आहे. परंतु पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने तो काढणे ही ओळखीची गोष्ट नव्हे. तरुणपणी जो आवेश फुकट मिळतो, तो प्रौढपणी श्रमाने मिळवावा लागतो. नव्या आल्बमचे मोल या श्रमात आहे असे आमचे मत आहे.

या कुळकथेची एक शाखा आपल्या घरापर्यंतही आली आहे. १९८६ पासून मुंबईच्या रंगभवनात भरू लागलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवाने महाविद्यालयीन तरुणांच्या पिढ्यांना जड नादाची गोडी लावली; पुढे शेजारच्या रुग्णालयांमुळे शांतताक्षेत्राचा नियम आड आला आणि रंगभवन मुके झाले. २००७ मध्ये 'आयर्न मेडन' हा नामांकित वृंद बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर आला, तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुले तेथे लोटली. मुंबईतूनच 'भयानक मौत' आणि 'स्क्राइब' हे वृंद निघाले. 'स्क्राइब'ने तर २०१४ मधील आपल्या आल्बमला एका हिंदी चित्रपटातील खलनायकाचा जयजयकार करणारे नाव दिले. बर्मिंगहॅमचा नाद बोरीबंदरास पोहोचला तो असा, वाटेत थोडा विनोद शिकून.

२०२५ हे वर्ष या कुळास सुतकाचे गेले. ५ जुलै रोजी 'ब्लॅक सॅबथ'चे चारही मूळ वादक आपल्या बर्मिंगहॅममध्ये, व्हिला पार्कच्या मैदानावर, अखेरचे एकत्र वाजले, आणि २२ जुलै रोजी त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न निवर्तला. सप्टेंबरात 'अ‍ॅट द गेट्स'चा गायक टोमास लिंडबर्गही गेला. म्हणजे ज्या वर्षी आजोबा आणि काका गेले, त्याच वर्षी नातवाने तोच नाद पुन्हा काढला. घरातील वडीलधारी माणसे एकेक करून निघून जाऊ लागली म्हणजे त्यांच्या बोलण्याची ढब ज्या कोणाच्या तोंडी उरते, त्यास 'तू नवे काय बोललास?' असे कोणी विचारीत नाही. परमुलखात राहून घरात मराठी बोलणाऱ्या आणि मुलांना बोलावयास लावणाऱ्या आमच्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको. भिंतीपलीकडून तो जड नाद पुन्हा ऐकू आला, तर आत जाऊन मुलास एवढेच विचारावे, की हा कोणाचा कोण? त्यास उत्तर देता आले, तर तो गोंगाट नव्हे, घराणे आहे असे खुशाल समजावे.