विष्णुशर्म्याचे विद्यार्थी

पंचतंत्राचा उपोद्घात लहानपणीं आपण सर्वांनींच वाचलेला असतो. महिलारोप्य नगराच्या अमरशक्ति राजाला तीन पुत्र, आणि तिघेहि मंदबुद्धि. एकट्या व्याकरणालाच बारा वर्षें लागतात, मग पुढचीं शास्त्रें हीं मुलें शिकणार कधीं, असा प्रश्न दरबारांतील पंडितांना पडला. विष्णुशर्म्यानें सहा महिन्यांची मुदत घेतली, जाडे ग्रंथ बाजूला ठेवले आणि गोष्टी सांगावयास आरंभ केला. त्या गोष्टींतील नीति आपण मुलांना शिकवितों. परंतु उपोद्घातांतील धडा शिक्षकांसाठीं आहे, आणि तो आम्हां शिक्षकांच्याच वाचनांतून निसटला आहे. शिष्याला पाठ जमत नाहीं असें दिसतांच विष्णुशर्म्यानें पाठ बदलला. आम्ही अशा प्रसंगीं शिष्य बदलतों.

हा विचार मला विद्वत्तेमुळें सुचलेला नाहीं. एका जुन्या चुकीच्या आठवणीनें सुचला आहे. दहाएक वर्षांपूर्वींची गोष्ट. जुलै महिना, प्रवेशाची धांदल. आमच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमार कुटुंबांतील बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा मतिमंदांच्या शाळेंत शिकून मोकळा झालेला. त्याची धाकटी बहीण आमच्याच महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला होती. रोज सकाळीं ती निघाली म्हणजे हाहि पिशवी खांद्याला अडकवून उंबऱ्याशीं उभा राही. “सर, त्याला पास करूं नका,” बाई म्हणाली, “नुसतें वर्गांत बसूं द्या.” माझ्या टेबलावर नाना प्रकारचे अर्ज होते, पण तिच्या मागणीचा अर्ज त्यांत नव्हता. “आमच्याकडे तशी सोय नाहीं, ताई,” असें म्हणून मीं तिची बोळवण केली. मुलानें जातांना मला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून चुकवितां आलेला नाहीं.

तशी सोय कां नाहीं, याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे इतिहासाकडे वळावें लागतें. मुंबई विद्यापीठ 1857 सालीं स्थापन झालें आणि 1859 सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. रानडे व भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडींतले. तेव्हांपासून महाविद्यालय म्हणजे एक चाळण अशी आपली समजूत दृढ झाली. आमच्या जिल्ह्याचाहि तिला हातभार आहे. चिंतामणराव देशमुख मूळचे रोह्याचे. 1912 सालीं ते मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले आणि पुढें विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षहि झाले. त्यांचा अभिमान आम्हांला आहे आणि तो असावाच. परंतु यादींतला पहिला कोण हें पिढ्यान् पिढ्या सांगणाऱ्या समाजाला यादीबाहेर कोण राहिलें हें विचारण्याची संवय उरत नाहीं.

या चाळणीचीं भोकें कायमचीं ठरलेलीं होतीं असें मात्र नाहीं. स्त्रियांना मुंबई विद्यापीठाच्या पदव्यांचा मार्ग 1883 सालीं खुला झाला आणि त्याच दशकांत कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्या. तोंवर स्त्रीच्या बुद्धीला उच्च शिक्षण झेपणार नाहीं असें म्हणणारे लोक अडाणी नव्हते. तेहि पदवीधरच होते. तरी येथें प्रामाणिकपणें एक भेद मान्य केला पाहिजे. स्त्रियांना संधि मिळतांच त्यांनीं तीच परीक्षा देऊन दाखविली. ज्याची आकलनशक्तिच मर्यादित आहे त्याच्या बाबतींत परीक्षेचें दार उघडून भागत नाहीं, कारण परीक्षा हीच तेथें भिंत असते.

ही भिंत कशी रचली गेली तेंहि पाहण्यासारखें आहे. 1912 च्या हिंदी वेड्यांच्या कायद्यानें ‘वेडा’ या शब्दाच्या व्याख्येंतच जन्मतः मंदबुद्धि असलेल्या माणसालाहि गोंवलें. आजार आणि अपूर्ण वाढ या दोन गोष्टी कायद्यानें एका दावणीला बांधल्या. ती गांठ सुटण्यास 1987 सालचा मानसिक आरोग्याचा कायदा यावा लागला. इकडे आल्फ्रेड बिने यानें 1905 सालीं पॅरिसमध्यें बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांना निराळें साह्य द्यावें एवढाच तिचा हेतु होता. बुद्धि ही जन्मभर न हलणारी वस्तु आहे या मताचा तर बिनेनें पुढें निषेधच केला. त्याच कसोटीच्या अमेरिकन आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं कसोटी रचली आणि त्यांचा ग्रंथ 1940 सालीं प्रसिद्ध झाला. या कामाचें मोल मोठें आहे. परंतु साह्य कोणाला द्यावें हें सांगणारा आंकडा पुढें कोणाला घेऊं नये हें सांगण्यासाठीं वापरला गेला, हा दोष कसोटीचा नाहीं, तो वापरणाऱ्यांचा आहे.

दारें बंद असतां आईबापांनीं स्वतःच्या घरांत शाळा काढल्या. मुंबईंत होरमसजी व कुवरबाई वकील यांची मुलगी जय ही डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली होती. तिला कोठें शिकवावें याचें उत्तर मिळेना, तेव्हां 1944 सालीं त्यांनीं घरींच शाळा सुरू केली. तीच आज शिवडीच्या टेकडीवर उभी असलेली जय वकील संस्था. पुण्यांत 1964 सालीं ‘कामायनी’ निघाली. 1973 सालीं मुंबईच्या सोफिया महाविद्यालयाच्या आवारांत ‘साधना’ शाळा सुरू झाली. महाविद्यालयाच्या फाटकांतून मंदबुद्धि मुलें रोज आंत जाऊं लागलीं, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. आमच्या किनाऱ्यावरील लोकांना मात्र हें सारें खाडीपलीकडचें होतें. रेवसहून किंवा मांडव्याहून लाँच धरावी तेव्हां मुंबई. 2024 च्या जानेवारींत शिवडीपासून आमच्या जिल्ह्यांतील न्हावा-शेव्यापर्यंत सुमारें 22 किलोमीटरांचा सागरी सेतु खुला झाला. शिवडी आतां आम्हांला जवळ आली. पण शाळा सुटल्यानंतर अठराव्या वर्षीं या मुलानें कोठें जावें, या प्रश्नावर कोणी पूल बांधलेला नाहीं.

कायद्यानें वाट दाखविली आहे असें कोणी म्हणेल, आणि तें खरें आहे. 1995 च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत अपंगांसाठीं 3 टक्के जागा ठेविल्या. 2016 च्या कायद्यानें उच्च शिक्षणांत त्या 5 टक्के केल्या, वयाची अट पांच वर्षांनीं सैल केली, आणि ज्या 21 प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली त्यांत बौद्धिक अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु जागा राखीव असली तरी तिच्यापर्यंतची वाट बारावीच्या परीक्षेंतूनच जाते. दृष्टिहीन विद्यार्थी लेखनिकाच्या साह्यानें ती वाट चालतो. मंदबुद्धि विद्यार्थ्याला लेखनिक काय देणार?

येथें मला आमच्याच जिल्ह्यांतील महाडची आठवण होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव 1923 सालीं मुंबई कायदेमंडळांत मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनें 1924 सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. तरीहि 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तेथवर चालत जाईपर्यंत अस्पृश्यांना त्या पाण्याची ओंजळ भरतां आली नव्हती. दोन्ही अन्याय सारखे आहेत असें मी म्हणत नाहीं. त्या पाण्याला शतकांच्या अपमानाचा इतिहास होता. परंतु ठराव आणि ओंजळ यांच्यामध्यें किती अंतर असूं शकतें, हें आमच्या जिल्ह्याइतकें दुसऱ्या कोणी जाणूं नये.

मग करावयाचें काय? कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत 1987 सालीं एक साधा उपक्रम सुरू झाला. बौद्धिक अक्षमता असलेले तरुण इतरांच्या बरोबर नेहमींच्याच वर्गांत बसूं लागले. त्यांना झेपेल असा अभ्यास साह्यकाच्या मदतीनें नेमून देण्यांत येऊं लागला. पदवीचा प्रश्न बाजूला ठेवण्यांत आला. अमेरिकेनें 2008 सालीं कायदा करून अशा विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाह्याचा लाभ खुला केला. स्पेनमधील पाब्लो पिनेदा यानें तर डाउन सिंड्रोम असून विद्यापीठाची पदवी मिळविली. परंतु त्याचें उदाहरण मी मुद्दाम शेवटीं देतों. अपवादात्मक माणसाच्या यशावर सामान्य माणसाचा हक्क अवलंबून ठेवूं नये.

माझे सहकारी विचारतात, यानें पदवीची प्रतिष्ठा राहील का? मला वाटतें, ती जेथें आहे तेथेंच राहील, कारण पदवी कोणी मागितलेलीच नाहीं. मागणी आहे ती बांकावरील जागेची. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आम्हांला हें शिकवितां येत नाहीं. हें खरें आहे, आणि त्यासाठीं विशेष शिक्षकाचें मार्गदर्शन लागेल. प्रत्येक मुलाला हा मार्ग मानवेल असेंहि नाहीं. कांहींना निराळ्या शुश्रूषेची गरज आहे आणि ती त्यांना मिळाली पाहिजे. परंतु ज्याला मानवेल त्याच्यासाठीं एका वर्षाचें प्रमाणपत्र, दोन विषय, ग्रंथालयांत कांहीं तास काम आणि वर्गांतलाच एक सोबती, एवढी व्यवस्था लहानशा महाविद्यालयालाहि अशक्य नाहीं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा इतर विद्यार्थ्यांना देऊं केलीच आहे. शिवाय वर्गांतील इतर साठ जणांचा यांत कांहींच लाभ नाहीं असें कोण म्हणेल? मीं तीस वर्षें इतिहास शिकविला. एखादी गोष्ट इतकी सोपी करून सांगावी कीं ती त्या मुलाला कळेल, अशी पाळी माझ्यावर आली असती, तर मला स्वतःला ती कितपत कळली आहे याचीहि परीक्षा झाली असती.

तो मुलगा मधूनमधून धक्क्यावर दिसतो. बापाच्या होडीवरचीं जाळीं तो नीट घडी करून ठेवतो. बहीण पदवीधर होऊन सासरीं गेली. मागच्या महिन्यांत मीं प्राचार्यांकडे एक अर्ज दिला आहे: माझ्या इतिहासाच्या वर्गांत, पुढच्या जुलैपासून, परीक्षेविना बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना परवानगी असावी. नियम पाहून सांगतों, असें ते म्हणाले आहेत. उत्तर आल्यावर मी त्या बाईच्या घरीं जाणार आहें. तिचा मुलगा आतां तिशीला टेकला आहे. त्याला अजून यावेंसें वाटतें कीं नाहीं, हें प्रथम त्यालाच विचारावयाचें आहे.