कचऱ्याचा डबा आणि एक 'पॅच'

मंडळी, या शनिवारचा विषय आहे कचऱ्याचा डबा. हसू नका, त्यालाही इतिहास आहे! १८८४ साली पॅरिसचा कारभार पाहणाऱ्या यूजेन पूबेल या अधिकाऱ्याने घरमालकांना झाकणाचे डबे ठेवायची सक्ती केली. लोक वैतागले, पण डब्याला त्याचंच नाव पडलं. फ्रेंचमध्ये कचऱ्याचा डबा आजही 'पूबेल'च.

आपल्या वऱ्हाडात, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावात, डब्याची गरजच नव्हती. शेण, राख, पालापाचोळा सगळं उकिरड्यावर, आणि तिथून खत होऊन शेतात. घरातली भांडी तांब्या-पितळेची नाहीतर पत्र्याची. भोक पडलं की डाग देणारा, आतून खराब झालं की कल्हईवाला. दुरुस्ती हा रोजचा धंदा होता.

मग प्लास्टिक आलं. १९५३ साली जर्मनीत कार्ल झीग्लर यांना कमी दाबाखाली कडक पॉलिथिन बनवायची युक्ती सापडली. १९५४ मध्ये इटलीत जूलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन बनवलं. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. १९६० च्या दशकाच्या शेवटी ठाणे-बेलापूर पट्ट्यातही कडक पॉलिथिन बनू लागलं. बादल्या, घागरी, डबे हलके झाले, स्वस्त झाले, गंजायचेही थांबले.

फक्त एक गोची झाली. हे फुटलं तर न्यायचं कुणाकडे? कल्हईवाल्याच्या भात्याचा इथे उपयोग नाही. गोंदही चालत नाही, कारण या प्लास्टिकला जवळपास काहीच चिकटत नाही. ज्या गुणामुळे डबा पटकन धुतला जातो, तोच गुण दुरुस्तीच्या मुळावर आला. म्हणून "फेकून दे, नवीन आण" ही सवय लागली.

पण बघा, हे प्लास्टिक वितळतं! पॉलिथिन साधारण १३० अंशांना, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास. म्हणजे डाग देण्याची जुनी विद्या इथेही चालते. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात २ असेल तर कडक पॉलिथिन, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. ३ असेल तर हात लावू नका. ते पीव्हीसी, तापलं की विषारी वायू सोडतं. चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग खिडकी उघडी ठेवून सोल्डरिंग आयर्नने दोन्ही कडा वितळवा आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी त्यात मुरवा. वेगळ्या जातीची पट्टी नीट धरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, पॅच त्याच व्हर्जनचा हवा :)

उन्हात वर्षानुवर्षं राहून ठिसूळ झालेला डबा मात्र वाचत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्याच तुटलेल्या असतात.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीने पिशव्यांना पकडलं, बादल्या-डब्यांना नाही. उकिरड्याला शेण पचतं, डबा पचत नाही. तिथे तो एकतर पडून राहतो, नाहीतर जाळला जातो आणि धूर गावाच्या नाकात जातो. कचऱ्याचा डबाच कचरा होऊ नये, एवढ्यासाठी एक दुपार घालवायला काय हरकत आहे?